हरवलेला काना

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या मुलांना प्रमाणपत्रे द्यायची होती. यादी 212 नावांची. हाताने आम्ही लिहिली आणि संगणकावर चढवण्याचे काम आमच्या भाचीने अंगावर घेतले. ती कॉम्प्युटरचेच शिकते.

छपाईच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "मामा, यादीत किती चुका केल्यात तुम्ही!"

वीस वर्षे कारकुनी करणाऱ्या माणसाला हे बोलणे लागते. आम्ही चष्मा घेऊन शेजारी बसलो.

ती कोड एडिटरमध्ये काम करीत होती. कोड एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही. तिला जादा सोयी जोडता येतात, त्यांना प्लगिन म्हणतात. भाचीने लावलेले प्लगिन यादी रकान्यांत मांडून दाखवी. तिथे 'प्रज्ञा'चे 'प्रज्ञ' झाले होते. कुठे वेलांटी गेलेली, कुठे शेवटचे अक्षरच गायब. पोरीने तोवर 11 नावांना पुन्हा काना देऊन टाकला होता, तरी तो दिसेना. वैतागून म्हणाली, "सगळी नावे इंग्रजीतच करू या."

आम्ही तिला तिथेच थांबवले. दाखल्यावर एक काना चुकला तर गरिबाला प्रतिज्ञापत्रासाठी किती खेटे घालावे लागतात, किती दिवसांची रोजी बुडते, हे आम्ही टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडूनही पाहिले आहे. शिवाय हिशेबाचा ताळा जुळेना म्हणून कोणी मूळ पावती खोडत नाही. चूक पावतीत आहे की नोंदीत, ते आधी पाहायचे.

तीच फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. नावे ठीक! फक्त भाचीने 'सुधारलेल्या' 11 नावांपुढे जादा काना एका ठिपक्यांच्या गोलावर बसलेला. प्लगिन बंद केले, एडिटरमध्येही काना दिसू लागला. चालू केले, गेला. म्हणजे नाव शाबूत होते, दाखवणारा चुकत होता.

मग दोनच ओळींची नवी फाइल केली: रमा आणि प्रज्ञा. रमा नीट, प्रज्ञा तुटलेली. आपल्या लेखी दोन्ही नावे दोन-दोन अक्षरांची. पण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्या संगणकात साठवण्याच्या पद्धतीत, काना, वेलांटी, हलन्त या वेगळ्या खुणा असतात. रमा म्हणजे र, म, काना: 3 खुणा. प्रज्ञा म्हणजे प, हलन्त, र, ज, हलन्त, ञ, काना: 7. छोट्या पडद्यावर सगळे मावावे म्हणून भाचीने रकान्याची रुंदी 6 ठेवली होती. प्लगिनने सहा खुणा मोजल्या आणि सातवी, म्हणजे काना, छाटली.

असे तोडू नये याचे नियम युनिकोडमध्ये आहेत. काना-मात्रा अक्षरापासून तोडू नयेत हे आधीपासूनच होते. देवनागरी जोडाक्षर अखंड धरावे हा नियम 2023 च्या 15.1 आवृत्तीत आला. प्लगिन करणाऱ्याने खुणा मोजल्या, अक्षरे मोजली नाहीत. इंग्रजीत बहुधा दोन्ही एकच, तेव्हा त्याच्या ध्यानात यावे तरी कसे?

भाचीने रुंदी 20 केली, तात्पुरते काम भागले. ती दोन ओळींची फाइल आणि काय केल्यावर काय दिसते एवढे लिहून तिने प्लगिनच्या कर्त्याला कळवले. सोबत तक्रारीचे लांबलचक पत्र जोडण्याचा आमचा बेत होता, तो तिने हाणून पाडला.

मग रात्री एक वाजेपर्यंत आम्ही वहीतून नावे वाचत होतो आणि ती जादा काने काढत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मामा, ही सुशीला. अर्जावर शी दीर्घ आहे, तुमच्या वहीत ऱ्हस्व." ती चूक मात्र आमचीच निघाली.