काकाजींची फाईल

सी भाषा मला कॉलेजात शिकवली. त्या भाषेतल्या प्रोग्रॅमला मराठीत बोलतं केलं ते मात्र मोर्शीतल्या एका दिवाणजींनी. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे ते वह्या लिहीत. माऊसला हात लावायला साफ नकार. त्याच गादीवर आंबिया बहाराचा माल नोंदवायला मी लिनक्सवर छोटासा प्रोग्रॅम लिहीत होतो.

संदेश कोडात कोंबायचे नाहीत, बाहेरच्या सूचीत ठेवायचे, एवढं माझं ठरलं होतं. त्यासाठीच्या जुन्या ‘कॅटगेट्स’ पद्धतीत प्रत्येक संदेशाला संचाचा एक आकडा आणि संदेशाचा एक. कोणता आकडा कशाचा, हे कोण लक्षात ठेवणार? ‘गेटटेक्स्ट’मध्ये मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली. सन कंपनीकडची ही पद्धत उलरिख ड्रेपर यांनी १९९५ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी नव्याने लिहिली. ‘सेटलोकेल’ने वापरणाऱ्याची भाषा घ्यायची, ‘बाइंडटेक्स्टडोमेन’ने सूचीची जागा सांगायची, मराठी ओळ सापडली तर ती दिसते, नाही तर इंग्रजीच. त्यामुळे निम्मं भाषांतर झालेलं असलं तरी काम अडत नाही.

मी भाषांतराची सूची, म्हणजे पीओ फाईल, छापून काकाजींपुढे ठेवली. मी अर्थ सांगायचा, खाली ते पेन्सिलीने मराठी लिहायचे. इंग्रजी ओळीत आधी पेट्या होत्या, मग बागायतदाराचं नाव. काकाजी अडले.

“काहून बाप्पा, आंधी नाव येते, मंग माल. मानूस कोन हाय ते समजल्याबिगर पेट्या कोनाच्या लिवू?”

‘प्रिंटएफ’मध्ये युनिक्सवाल्यांनी याची सोय करून ठेवली आहे. टक्क्याच्या खुणेपुढे २ आणि डॉलरचं चिन्ह टाकलं की दुसरी किंमत आधी छापता येते. पुस्तकात ते मी वाचलं होतं. कशासाठी आहे, ते त्या दुपारी कळलं. कोडाची एक ओळही बदलावी लागली नाही. ‘एक पेटी’ आणि ‘पाच पेट्या’ यांचं ‘एनगेटटेक्स्ट’ने निभावलं.

‘गेटटेक्स्ट’ २०२४ मध्ये युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स मानकातही आलं. काकाजी तोवर राहिले नाहीत.

पीओ फाईलच्या माथ्यावर शेवटच्या अनुवादकाच्या नावाची ओळ असते. तिथे त्यांचं नाव घालतो म्हटलं, तर म्हणाले, “माहं नाव कायले? शेटजी म्हनतीन, हिशेब सोडून हे काय करते!” मी घातलंच. शेटजींनी ती फाईल कधी उघडली नाही.