चटई आत घेऊन

कोयनेच्या खोऱ्यात मी विशेष शिक्षिका म्हणून शाळा फिरते. मला सगळे 'आयईच्या', म्हणजे समावेशित शिक्षणाच्या, मॅडम म्हणतात. मी पोचले की बहुतेक शाळांत एकच गोष्ट होते : ज्या मुलासाठी मी आलेली असते त्याला दप्तरासकट व्हरांड्यात पाठवतात, चटई अंथरून देतात आणि आत वर्ग पुढे चालू. त्यामागे आपुलकीच असते. मॅडम लांबून आल्यात, त्यांना निवांत शिकवता यावं. पण मी चटई उचलून आत जाते आणि मागच्या भिंतीला टेकून बसते. त्या मुलाच्या वाट्याला मी महिन्यातले मोजके तास येते. बाकी सगळे दिवस ते गुरुजींच्या नाहीतर बाईंच्या समोर असतं. त्यांच्या हाताला काही लागलं तरच माझ्या येण्याला अर्थ.

एका शाळेत चौथीत एक मुलगी होती. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना मशीन आहे. मशीन लावलं म्हणजे आता सगळं ऐकू येणार, असा घरच्यांचा आणि शाळेचाही समज होता. मशीन आवाज मोठा करतं, पण वर्गातला गलका आणि पत्र्यावरचा पाऊसही मोठा करतं. मग आधार उरतो बोलणाऱ्याच्या ओठांचा. आणि ओठ तरी किती सांगणार? आरशासमोर आवाज न काढता 'पान', 'बाण', 'मान' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. क आणि ग तर आत घशाशीच राहतात. पुढच्या-मागच्या शब्दांवरून, फळ्यावरच्या चित्रावरून, शेजारणीच्या वहीवरून ती पोरगी अर्थ जुळवत असते. दिवसभर हे करून ती किती थकत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

गुरुजींना फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलायची सवय. ती बहुतेक शिक्षकांना असते. मी म्हटलं, आधी लिहा, मग वळा, मग बोला. दाराला पाठ करून उभं राहू नका, उजेड मागून आला की चेहरा काळोखात जातो. तिला पहिल्या रांगेत, पण जरा कडेला बसवा. म्हणजे तुम्ही दिसाल आणि मान वळवली की उत्तर देणारं पोरही दिसेल. परिपाठाआधी मागून हाक मारून मशीन चालू आहे का बघा. सेलवरचा स्टिकर काढला की तो वापरा न वापरा, उतरायला लागतो, म्हणून स्टिकर आधीच काढून ठेवू नका. यातलं काहीच अवघड नाही. पण हे गुरुजींना कधी कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि सांगितल्यावर त्यांनी ते इतक्या मनापासून केलं की मला भरून आलं.

त्याच शाळेत तिसरीत एक मुलगा आहे. गोष्ट एकदा ऐकली की तिखटमीठ लावून परत सांगेल, पण तीच पुस्तकातून वाचायची म्हटलं की घामाघूम. भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल. घरी 'आळशी', शाळेत 'लक्ष नाही'. आपण बोलतो तसंच लिहितो, मराठी सोपी आहे, असं आपल्याला वाटतं. या मुलाच्या जागी बसून बघा. 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी काढायची आणि म्हणायची क च्या नंतर. 'पर्वत'मधला र म्हणायचा व च्या आधी आणि चढवायचा व च्याच डोक्यावर. बाकीची मुलं हे नकळत गिळतात. याच्या घशात ते अडकतं. त्याच्यासाठी आम्ही एका वेळी एकच चिन्ह धरलं. ओल्या मातीत बोटाने गिरवायचं, मोठ्याने म्हणायचं, पक्कं झाल्यावरच पुढचं. आणि परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र यथावकाश डॉक्टर देतील, पण तोंडी उत्तर ऐकून घ्यायला कुठलाही कागद लागत नाही.

गुरुजींनी मला एकदा सरळ विचारलं, "मॅडम, एकासाठी थांबलो तर बाकीच्यांचं काय?" प्रश्न खरा आहे. शाळा द्विशिक्षकी, एकेकाकडे दोन-दोन इयत्ता. त्यात पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, मतदारयादीचं काम. वळून बोलणं, चित्र काढणं, तोंडी विचारणं याचा फायदा सगळ्याच पोरांना झाला, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पण सगळं असं जमत नाही. खाली रस्त्यालगतच्या एका शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा आहे. त्याची जाड पेन्सिल, उतरता पाट, खुर्चीचा पट्टा हे आम्ही केलं. त्याला लघवीला नेणार कोण? आई रोज शेतातली कामं टाकून दुपारी शाळेत येते. तिथे शिक्षकाची कितीही इच्छा असली तरी दुसरा माणूसच लागतो, आणि तो दिला पाहिजे.

कागदावर हक्क वाढत गेले आहेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. 2022 मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्ती झाली : पहिली ते पाचवीला अशा दर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीला दर 15 मागे एक. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण मी घाटातल्या एका वस्तीवर असते तेव्हा दुसऱ्या वस्तीवरचं पोर माझी वाट बघत असतं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी उमेदीची वर्षं करारावर काढली. मूल रुळायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढा काळ तोच शिक्षक येत राहील याची खात्री मुलाला हवी असते, शिक्षकापेक्षाही जास्त.

मागच्या जूनमध्ये ती मुलगी पाचवीसाठी मोठ्या गावच्या हायस्कूलला गेली. दाखल्यासोबत गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात एक पान लिहून दिलं. कुठे बसवावं, कसं बोलावं, गणितात किती पुढे आहे, तोंडी हिशेबापेक्षा लिहून दिलेला कसा झटकन करते. शेवटी लिहिलं होतं, 'खिडकीबाहेर बघत बसली तर रागावू नये, सेल तपासावा.' जुलैत तिथल्या वर्गशिक्षिकांचा मला फोन आला. पान वाचलंय, सेल कुठल्या नंबरचा आणायचा आणि वर्गातल्या बाकीच्या मुलींना मशीनबद्दल मी येऊन सांगेन का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सोमवारी येते म्हटलं.