बुलेटचा नवा सायलेन्सर

वडिलांची १९७८ सालची बुलेट अजून आमच्या घरी चालू आहे. तिच्या सायलेन्सरला खालून भोक पडले. वरचे क्रोम चकचकीत होते, गंज आतून लागलेला. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. मळा जवळ, त्यामुळे इंजिन पुरते तापायच्या आत गाडी बंद होते आणि ते पाणी आतच राहते.

म्हणून स्टेनलेस स्टीलचा घेतला. त्यातल्या क्रोमियममुळे तो सहसा गंजत नाही. मिस्त्री म्हणाला, "दादा, मोकळा बसवू? आवाज घुमेल." मी नको म्हटले. वडिलांना आता दिसत नाही. पुलावर गाडी आली की ते आवाजावरून ओळखतात, आईला चहा टाकायला सांगतात. तेव्हा जुन्याच मापाचा, आतल्या जाळीसकट हवा होता.

आधी सगळे बोल्ट ढिले ठेवले. इंजिनाकडे नळी नीट बसल्यावर मगच मागचे आवळले. ओढूनताणून आवळले तर हादऱ्याने पट्टी तुटते. बोटांचे तेलकट ठसे पेट्रोलच्या फडक्याने पुसून वाळू दिले, नाहीतर ते तापून कायमचे उमटतात. थोड्याच वेळात वाकणापाशी नळी सोनेरी झाली. तो काही दोष नव्हे.

वडील ओट्यावर कान देऊन बसले होते. म्हणाले, "हीच की! सर्दी उतरली तिची."