ज्याला पाहायचंय त्याच्या जागेवरून

आमच्या घरात टीव्ही सगळ्यात जास्त पाहतात त्या सासूबाई. मी पतसंस्थेत, नवरा कंपनीत, मुलगा कॉलेजात. सकाळी साडेनऊला आम्ही बाहेर पडलो की संध्याकाळी सहापर्यंत घरात त्या एकट्याच. सकाळी कीर्तन, दुपारी बातम्या, संध्याकाळी मालिका, असा त्यांचा दिवस ठरलेला. वय ७८, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि गुडघ्यांमुळे दोन जिने उतरणं जिवावर येतं. त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे करमणुकीपेक्षा सोबत जास्त.

२०२५ च्या गौरी जेवल्या त्या संध्याकाळी जुन्या ३२ इंची टीव्हीवर उभ्या रेघा आल्या आणि लवकरच अर्धा पडदा काळा झाला. मेकॅनिकने मागचं झाकण उघडून पाहिलं. म्हणाला, "ताई, पॅनेल गेलंय. बोर्ड असता तर थोडक्यात भागलं असतं. पॅनेल बदलायचं तर त्यात थोडी भर घालून नवाच घ्या."

मुलाची फी भरून हातात उरले होते २५,००० रुपये. त्यावर एक रुपया जाऊ द्यायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

त्याच आठवड्यात, ३ सप्टेंबरला, जीएसटी कमी होणार असल्याची बातमी आली. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के कर होता. त्याहून मोठ्या टीव्हीवरचा २८ टक्क्यांचा कर २२ सप्टेंबरपासून १८ वर येणार होता. २२ तारखेलाच घटस्थापना. शेजारी म्हणाले, दहा टक्के वाचतील. मी वहीत हिशेब मांडला. २८ टक्के करासह २५,६०० ला मिळणाऱ्या टीव्हीची मूळ किंमत २०,०००. त्यावर १८ टक्के धरले की २३,६००. म्हणजे वाचतात २,०००, जेमतेम आठ टक्के. पण आमच्यासारख्या घराला दोन हजार ही मोठी रक्कम. थांबायचं ठरलं. सासूबाईंना मी मोबाइलवर कीर्तनं लावून देत होते, पण त्या छोट्या पडद्याने त्यांचे डोळे शिणायचे.

थांबण्याचे ते दिवस मी अभ्यासात घालवले. घरात मागण्या सुरू झाल्याच होत्या. मुलाला ५५ इंची हवा होता. नवऱ्याला फोर के, कारण क्रिकेट. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय गं, तुम्ही आणाल तो चांगलाच." घरात जो सगळ्यात जास्त तास टीव्ही पाहणार, त्याचीच मागणी यादीत नव्हती. मी वहीच्या वरच्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं आणि तिथून सुरुवात केली.

आधी हॉल मोजला. दहा बाय तेरा फूट. आखूड भिंतीवर टीव्ही, त्याच्या समोर साधारण आठ फुटांवर सोफा. पण सासूबाई सोफ्यावर बसत नाहीत. त्यांची जागा बाजूच्या भिंतीला लागून असलेला दिवाण. तिथून टीव्ही बराच तिरका दिसतो. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीननंतर ऊन आत येतं. दिवाण हलवून पाहायचा विचार झाला, पण रात्री त्या तिथेच झोपतात आणि बाथरूमचा रस्ताही तिथूनच जवळ.

मग टीव्हीच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं भिंतीवर चिकटवली. ४३ इंच हे तिरकं माप. प्रत्यक्षात पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच असतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. तो कागद भिंतीवर लागला तेव्हा कपाटाचं दार अर्धं झाकलं गेलं. मुलाने स्वतःच तो काढला.

टीव्हीचे सगळे पॅनेल सारखे नसतात, हे मला त्या दिवसांत नीट समजलं. आपल्या बजेटमधल्या जवळजवळ सगळ्या टीव्हींत एलसीडी पॅनेल आणि मागे एलईडीचा उजेड असतो. एलसीडीचे मुख्य दोन प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, प्रकाश-अंधारातला फरक ३०००:१ किंवा त्याहून जास्त असतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहायला तो सुंदर. पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये हाच फरक १०००:१ च्या आसपास, काळा थोडा राखाडी वाटतो, पण कडेला बसलेल्यालाही चित्र जवळजवळ तसंच दिसतं. आमचा टीव्ही दिवसाउजेडी चालणार आणि तो पाहणारं माणूस कडेला बसणार. मग कोणता हवा, याचं उत्तर त्या दिवाणानेच दिलं होतं.

खोक्यावर मात्र हे कुठे लिहिलेलं नसतं. खोक्यावर असतं क्यूएलईडी आणि एचडीआर. क्यूएलईडी हासुद्धा एलसीडीच; रंग खुलवणारा एक जादा थर त्यात असतो. एचडीआरसाठी पडद्याला भरपूर उजेड देता यायला हवा आणि स्वस्त पॅनेल २५०-३०० निट्सवर थांबतात. असा टीव्ही एचडीआरचा सिग्नल ओळखतो, पण त्याची झळाळी दाखवायची ताकद त्यात नसते. या शब्दांसाठी दोन-तीन हजार जास्त मोजण्यात आम्हाला अर्थ वाटला नाही.

फोर केवर नवऱ्याशी बरीच चर्चा झाली. फुल एचडी पडद्यात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, फोर केमध्ये त्याच्या चौपट. पण ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके चांगल्या नजरेलासुद्धा पावणेदोन मीटरपलीकडून वेगळे दिसत नाहीत. आमचा सोफा आठ फुटांवर, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. शिवाय आमच्या सेट टॉप बॉक्सवर बहुतेक चॅनेल एसडी होते, जेमतेम ५७६ ओळींचे. पडदा जितका मोठा, तितकं ते चित्र ताणलं जाऊन पुसट होणार. ओटीटीवर फोर के पाहायचं तर बहुतेक ठिकाणी महागडा प्लॅन घ्यावा लागतो. नवऱ्याने वही वाचली आणि म्हणाला, "मग फोर केचे पैसे एचडी पॅकला घालू." क्रिकेटही त्याच चॅनेलवर दिसणार होतं.

घटस्थापना झाल्यावरच्या शनिवारी सासूबाईंना घेऊन आम्ही साताऱ्यात पोवई नाक्यावर गेलो. नवरा आणि मुलगा दोन्ही बाजूंनी धरून एकेक पायरी उतरवत होते. त्या म्हणत होत्या, "मला कशाला नेताय, त्यातलं मला काय कळतंय." पण मला त्यांचे डोळे दुकानात हवे होते.

दुकानातल्या टीव्हीवर फुलं, पोपट, समुद्र असं सगळं झगझगीत चालू असतं. त्यावर कुठलाही टीव्ही चांगलाच दिसतो. मी विक्रेत्याला विनंती केली, "दादा, पिक्चर मोड स्टँडर्ड करा आणि मराठी बातम्या लावा." शेजारी शेजारी लावलेल्या दोन टीव्हींवर त्याने एकच बातमीपत्र लावलं. मग खुर्ची मागितली आणि घरातल्या दिवाणाच्या अंतरावर, तेवढीच तिरकी ठेवून सासूबाईंना बसवलं. पहिला टीव्ही क्यूएलईडी, २४,००० चा. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "या बाईचा चेहरा पांढराफटक दिसतोय गं. आजारी आहे का ती?" मी समोर जाऊन पाहिलं तर रंग अगदी ठीक. बाजूने पाहिलं की उडत होते. दुसरा साधा फुल एचडी, ४३ इंची. तिथे निवेदिकेच्या साडीचा मोरपंखी रंग खुर्चीवरूनही मोरपंखीच होता.

मग खालची सरकती बातमीपट्टी. पट्टीतली अक्षरं पळताना पुसट होतात का, यावरून पॅनेल हलती प्रतिमा कशी पेलतं ते कळतं. सासूबाई एकेक शब्द मोठ्याने वाचू लागल्या. दुकानातली इतर माणसं थांबून ऐकत होती. पट्टी संपली तेव्हा त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हा घे. इथून वाचता येतंय." त्या वाक्याने माझा निर्णय झाला.

या मॉडेलमध्ये रॅम कमी होती, त्यामुळे ॲप उघडायला वेळ लागणार हे विक्रेत्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं. मुलगा म्हणाला, पुढे हळू झालाच तर तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावता येईल. ते पटलं. ॲपची अडचण बाहेरून सोडवता येते. पॅनेल मात्र एकदा घेतलं की तेच.

आवाजाचा प्रश्न उरला होता. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात. खोक्यावर २० वॉट लिहिलेलं असलं तरी वॉट म्हणजे स्पष्टता नव्हे. आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही वाढतं आणि बोलणं त्यात बुडतं. ब्लूटूथ हेडफोन सुचवला गेला, पण तो लावला की सासूबाईंना दारावरची बेल ऐकू येणार नाही, आणि दिवसभर एकट्या असणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते मला धोक्याचं वाटलं. बऱ्याच टीव्हींत ब्लूटूथ जोडलं की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो, हेही आहेच. म्हणून छोटा साउंडबार घेतला, संवाद उठून ऐकू येतील अशी सोय असलेला. तो एचडीएमआय एआरसीच्या पोर्टला जोडला, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटनेच त्याचा आवाज कमी-जास्त करता येतो आणि त्यांना आणखी एक रिमोट सांभाळावा लागत नाही.

काउंटरवर नो कॉस्ट ईएमआयचा आग्रह झाला. पतसंस्थेत रोज कर्जाचे हप्ते पाहते, त्यामुळे कागद मागून घेतला. प्रोसेसिंग फी वेगळी, व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि रोखीवर मिळणारी सूट गमवावी लागणार होती. आम्ही पूर्ण पैसे भरले. टीव्ही १८,९९०, साउंडबार ३,९९९, स्पाइक गार्ड ६५०. सगळं मिळून २३,६३९. उरलेल्यातून एचडी बॉक्स आणि पहिलं रिचार्ज झालं.

टीव्ही घरी आल्यावर बसवणाऱ्यांसमोरच खोकं उघडून पडद्याला तडा नाही ना ते पाहिलं, कारण फुटलेला पडदा वॉरंटीत धरत नाहीत. भिंतीवर तो कुठे लावायचा यावरही मी अडून बसले. टीव्ही दाराच्या उंचीला टांगायची आपल्याकडे सवय आहे, आणि मान वर करून पाहिल्याने मान दुखते. दिवाणावर बसलेल्या सासूबाईंच्या डोळ्यांची उंची मोजली, साडेतीन फूट. पडद्याचा मध्य तिथे आणला. मुलाने सेटिंगमध्ये जाऊन हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारा पर्याय बंद केला आणि पिक्चर मोड स्टँडर्डवर ठेवला. जुना टीव्ही भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिला.

आता ओळखीपाळखीचे लोक विचारतात, अमुक बजेटमध्ये कोणता टीव्ही घ्यावा? मी कंपनी सांगत नाही. दर सणाला मॉडेल बदलतात, किमती बदलतात. मी विचारते, सगळ्यात जास्त कोण पाहणार, कुठे बसून, दिवसा की रात्री, आणि त्यांचे डोळे-कान कसे आहेत? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात आणि कशावर खर्च करायचा नाही, ते दिसू लागतं. पैसे मोजके असतात तेव्हा ते कुणाच्या सोयीसाठी खर्च होतात, याला फार महत्त्व येतं. आपल्या घरातली म्हातारी माणसं स्वतःहून काही मागत नाहीत. कर्त्यांनी त्यांना दुकानात न्यावं, खुर्ची मागून घ्यावी आणि त्यांना पाहू द्यावं. पंचवीस हजारांत सगळ्यांच्या सगळ्या हौशी पुरत नाहीत, पण घरातल्या एका माणसाचा दिवस नक्की बरा जाऊ शकतो.