देवगिरी आणि आवळतं वर्तुळ

बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये १०० जण उतरतात, त्यात आम्ही चौघं. भाचा नकाशातल्या पोचिंकी गावात उडी मारायला टपलेला. मी म्हणते, कडेला उतर, आधी औषधं गोळा कर. नेम बहुतेकांचा बरा असतो हो, स्क्वाड मरतो तो एकेकटं पळाल्यामुळे. पडलेल्याला उचलायचं तर आधी स्मोक टाकायचा, एवढं भान आलं तरी पुष्कळ.

टेकडी मिळाली की स्वारी खूश. ‘मावशी, आपला दौलताबाद!’ मग मी १२९६ काढते. अलाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात देवगिरीचा, म्हणजे याच दौलताबादचा, कडा होता तसाच उभा राहिला, पण कोठारात धान्याऐवजी मिठाची पोती निघाली म्हणतात. गेममधलं निळं वर्तुळ आवळत आलं की आमच्या टेकडीचंही तेच, उभी असते पण सोडावी लागते. ऐकतोय कोण! ‘मावशी, इतिहास नंतर, आधी गाडी आण!’