फेस आणि पायस

एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरले की त्या मिश्रणाला पायस म्हणतात, आणि ते थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून त्यात घालावयाच्या साबणासारख्या पदार्थाला पृष्ठसक्रियक म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते आणि दुसरे तेलात शिरते. मात्र घुसळताना हवा आत आली, तर तेच दुसरे टोक हवेकडे वळते आणि बुडबुड्याभोवती पापुद्रा धरून फेस टिकवते. म्हणूनच फेस टाळणे म्हणजे साबण वगळणे नव्हे, तर हवेला वाट न देणे होय.

कापसाची बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मानवतच्या परिसरात मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींवर फवारण्यासाठी निंबोळी तेलाचे पायस बांधावरच तयार केले जाते. प्रस्तुत लेखकाने पहिल्या हंगामात १० लिटर पाण्यात साबणाचा चुरा टाकून ते काठीने जोरात घुसळले, आणि बादली फेसाने भरताच मिश्रण जमले असे समजून त्यात ५० मिली तेल ओतले. परंतु फेस ओसरल्यावर तेलाचा तवंग वर आला, पंपात हवा शिरून फवारा तुटक पडू लागला आणि जेथे नुसते तेल पडले तेथली पाने करपली.

चुकीचे मूळ हाताच्या सवयीत होते. दह्यात रवी घुमवून लोणी काढताना हवा आत ओढली जाते, स्निग्धांशाचे कण फुटून एकमेकांना चिकटतात, म्हणजेच तेथे पायस मोडायचेच असते. फवारणीसाठी मात्र ते टिकवायचे असते.

पुढे साबण थोड्या कोमट पाण्यात न हलवता भिजवून विरघळवला, त्यात तेल थोडेथोडे मिसळून सायीसारखे दाट मिश्रण केले, आणि नळीचे तोंड पाण्याखाली ठेवून उरलेले पाणी सावकाश सोडले. काठीही पाण्याबाहेर न काढता, भोवरा पडू न देता फिरवली. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियममुळे साबणाच्या गुठळ्या होतात, तेव्हा फेस येत नाही, पण पायसही टिकत नाही. त्यामुळे फेस असणे वा नसणे ही कसोटीच नव्हे. काचेच्या पेल्यात अर्धा तास ठेवलेले मिश्रण दुधासारखे एकजीव राहिले आणि त्याच्या काठाला तेलाची कडी धरली नाही, तरच ते पऱ्हाटीवर न्यावे.