संगणक रुसतो तेव्हा

मिक्सर बंद पडला, की आपण काय करतो? आधी प्लग पाहतो. मग भांडं नीट बसलंय का, ते पाहतो. बुडाशी असलेलं लाल बटण दाबून पाहतो. एवढं करूनही तो ढिम्म राहिला, तरच दुकानाची वाट धरतो. कुकरची शिट्टी होईना म्हणून कोणी लगेच नवा कुकर आणत नाही. रिंग पाहतो, शिट्टीचं भोक साफ करतो. हे शहाणपण आपल्याला कोणी वर्गात बसवून शिकवलेलं नसतं, ते वापरानं हाताला लागतं. मग घरातला संगणक बंद पडला, की आपण पदराला हात पुसत दाराशीच का उभ्या राहतो, सांगा बरं! "तुला काय कळतं त्यातलं?" असं कोणी म्हणण्याआधीच आपण स्वतःला तसं सांगून टाकतो, म्हणून.

मैत्रिणींनो, गेल्या मे महिन्यात आमच्या घरी जे घडलं, ते यासाठीच तुम्हांला सांगावंसं वाटलं.

आमचं वरोरा तुम्हांला आनंदवनामुळे ठाऊक असेल. माजरीच्या कोळसा खाणी इथून जवळ, आणि उन्हाळा तर चंद्रपूर जिल्ह्याचा. त्याबद्दल मी वेगळं काय सांगू? मी बी. ए. झालेली, सकाळी अर्धवेळ शाळा आणि मग घर. घरात एक संगणक आहे, आठ वर्षांचा. माझ्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या गुणांच्या याद्या, यांचे हिशेब, सगळं त्यातच. आणि गेली दोन वर्षं आमच्या मोठ्याचा जीव त्यात. तो बी. एस्सी.ला आहे, शिकता शिकता घरांची, फर्निचरची चित्रं संगणकावर तयार करायला शिकला. नागपूरच्या एकांनी त्याला पहिलंच काम दिलं. पण जुन्या यंत्राला ते झेपेना. एकेक चित्र तयार व्हायला रात्र जायची. म्हणून त्यानं शिकवण्या करून साठवलेल्या सोळा हजारांत एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरटीएक्स ३०६०. पडद्यावरच्या चित्रांचं सगळं गणित हे कार्ड करतं.

रात्री जेवणं आटोपल्यावर त्यानं ते बसवलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दोन-तीन सेकंदांत थांबले. पुन्हा आपोआप फिरले, पुन्हा थांबले. पडदा काळाच्या काळा!

"झालं समाधान?" हे म्हणाले, "चांगलं चालू होतं, ते बिघडवून ठेवलं."

पोरगं काही बोललं नाही. पण त्याचा चेहरा मला बघवेना. वापरलेली वस्तू, परत घेण्याची बोली नाही. कार्डच मेलेलं निघालं तर सोळा हजार गेले, आणि नागपूरचं काम पाच दिवसांवर. दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र उचलून एका दुकानात नेलं. तिथल्या माणसानं झाकण काढलं, एकदा बटण दाबून पाहिलं, आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला. नऊ-दहा हजार धरून चाला." यंत्र घरी परत आलं, आणि घरात अबोला सुरू झाला.

दुपारी कूलरपुढे भाजी निवडत बसले होते. मनात एकच प्रश्न घोळत होता. काल संध्याकाळपर्यंत हे यंत्र चालत होतं. मग मधल्या वेळात काय बदललं? एकच गोष्ट बदलली होती. मग ती एक गोष्ट मागे घेऊन पाहायला काय हरकत आहे? भाजी खारट लागली, तर आपण आधी शेवटी काय घातलं तेच आठवतो ना!

मी मोठ्याला हाक मारली. "ते कार्ड काढ बरं, आणि जसं होतं तसं करून चालू कर."

"काय होणार आहे त्यानं, आई? मदरबोर्ड गेला म्हणून राहिले ते."

"तू काढ तर!"

त्यानं कार्ड काढलं, पडद्याची केबल पुन्हा जुन्या जागी, मदरबोर्डच्या खाचेत लावली. बटण दाबलं. आणि काय सांगू, नेहमीचं चित्र पडद्यावर हजर! म्हणजे मदरबोर्ड गेलेला नव्हता. तुम्हीही हे पहिल्यांदा करून पाहा. एक मात्र लक्षात ठेवा. आमच्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय अंगचीच आहे. काही प्रोसेसरमध्ये ती नसते. त्यांनी जुनं कार्ड परत लावून पाहावं.

आता उरलं होतं कार्ड, आणि त्याला मिळणारी वीज. कार्ड पुन्हा बसवताना मी टॉर्च धरला. पट्टीसारखी त्याची सोनेरी कड खाचेत पूर्ण जाते आणि टोकाची खिट्टी "टक्" करून बसते. टक् आवाज आला नाही, तर कार्ड अर्धवट बसलंय असं समजा. ते नीट बसलं, केबलही आता मदरबोर्डऐवजी कार्डाला लावली, तरी पंख्यांची ती फिर-थांब चालूच.

मग माझं लक्ष गेलं एका जोडतारेकडे. या कार्डाला वेगळी वीज लागते, आठ टोकांच्या तारेनं. आमच्या जुन्या वीजपेटीला, म्हणजे ज्याला ही मुलं पॉवर सप्लाय म्हणतात त्याला, तशी तारच नव्हती. म्हणून दोन साध्या तारा एकत्र करणारी जोडतार वापरली होती. मी म्हटलं, "अरे, नळाला तोटी मोठी बसवली म्हणून टाकीतलं पाणी वाढतं का?"

"पण आई, पेटीवर ४५० वॉट लिहिलं आहे."

होतं खरं, मोठ्ठ्या अक्षरांत! पण बिस्किटाच्या पुड्यावरही चित्र मोठं असतं, आणि वजन कोपऱ्यात बारीक अक्षरांत. किराणा भरणारी बाई ते बारीक अक्षर वाचते. मी चष्मा लावला. कागदावर एक तक्ता होता, आणि त्यात १२ व्होल्टपुढे लिहिलं होतं १८ अँपिअर. मोठ्यानं सांगितलं, की कार्ड आणि प्रोसेसर दोघांचीही मुख्य भूक या १२ व्होल्टवरच भागते. मग हिशेब सोपा होता. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॉट. कार्डाची भूक १७० वॉट, प्रोसेसरची ६५. झाले २३५, आणि पंखे, डिस्क वेगळेच. शिवाय पेटी आठ वर्षांची. कार्डाची कंपनी स्वतः ५५० वॉटची पेटी लावा म्हणून सांगते. चौघांपुरत्या भातात सात पानं कशी उठणार? कमी पडलं, की पेटी स्वतःला जपण्यासाठी वीज तोडते. पंखे थांबत होते ते त्यामुळेच असणार.

पण नुसत्या हिशेबावर चार हजार खर्च करायचे नाहीत, असं मी ठरवलं. गल्लीतल्या एका मुलाकडे मोठी पेटी होती. त्याच्या आईला विचारून तासाभरासाठी आणली. पेटी तिच्या स्वतःच्या तारांसकट आणली, बरं का! काही पेट्यांच्या तारा सुट्या होतात. एका पेटीच्या तारा दुसरीला कधी लावू नयेत. टोकं सारखी दिसली, तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि यंत्र जळू शकतं.

बटण दाबलं. पंखे फिरले, आणि फिरतच राहिले. पडदा उजळला. मोठा खुर्चीवरून उठला तो सरळ माझ्या गळ्यात! हे दारातून पाहत होते. बोलले काहीच नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं स्वतः नागपूरला जाऊन ५५० वॉटची पेटी घेऊन आले. तिच्या कागदावरचं बारीक अक्षर त्यांनी दुकानातच वाचलं होतं, १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअर! पोराचं काम वेळेत गेलं.

आता, तुमच्याकडे असं झालं तर कामाला येतील अशा काही गोष्टी सांगते.

झाकण उघडण्याआधी बटण बंद करून प्लग काढा आणि चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आत हात घालण्याआधी पेटाऱ्याच्या उघड्या पत्र्याला एकदा बोट लावा. वीजपेटी मात्र कधीही उघडायची नाही. प्लग काढला तरी तिच्या पोटात वीज असते.

चालू करताना "बीप बीप" असा आवाज आला, तर तो मोजा. तो यंत्राचा निरोप असतो, मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ सापडतो. कार्ड बसवताना धक्का लागून शेजारची रॅमची पट्टी सैल होते, तीही काढून नीट बसवा. आमच्याकडे कोळशाची धूळ फार, म्हणून खाचा मऊ कोरड्या ब्रशनं झाडाव्या लागतात. ओलं फडकं नको.

सगळं ठीक असून चित्र नसेल, तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल पाच मिनिटं काढून परत लावा, अर्थात प्लग काढलेला असताना. यंत्र आपल्या मूळ जागी येतं, तारीख-वेळ तेवढी पुन्हा लावावी लागते. जुना मदरबोर्ड नवं कार्ड ओळखत नाही, असंही होतं. तेव्हा त्याचा बायोस नवा करावा लागतो. ते काम चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड खरोखरच जाऊ शकतो. आमच्याकडे तर मे महिन्यात वादळ कधी येईल, सांगता येत नाही. म्हणून ते जाणकाराकडून आणि बॅटरीची सोय असेल तिथेच करून घ्या.

आणि कंपनीचं चिन्ह दिसून मग पडदा काळा होत असेल, तर कार्डाला जीव आहे असं समजायला हरकत नाही. बहुतेक वेळा जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आडवा आलेला असतो. तो काढून नवा घातला, की काम होतं.

हे करताना एक नियम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर बटण दाबून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं गुण आला, ते कधीच कळत नाही. दुकानदारानं काही "गेलं" म्हणून सांगितलं, तर शांतपणे विचारा, "ते काढून, दुसरं लावून पाहिलंत का?" खरा कारागीर या प्रश्नावर चिडत नाही.

आणि हो, गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख आपण कॅलेंडरवर लिहून ठेवतो ना? संगणकात काही नवं बसवलं, की तेही तिथेच लिहून ठेवा. पुढच्या वेळी यंत्र रुसलं, की "काय बदललं?" या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरच मिळेल.